सेबरमेट्रिक्स

बेसबॉल सामन्यांच्या नोंदींवरून खेळाडू व संघ यांचे मूल्यमापन करणारा अभ्यासविषय. हे नाव बिल जेम्स यांनी १९८० च्या सुमारास रूढ केले. १९७१ मध्ये कूपर्सटाउन (न्यूयॉर्क राज्य) येथे स्थापन झालेल्या बेसबॉल संशोधन संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (SABR, ‘सेबर’) ते घेतले आहे. जेम्स १९७७ मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीचे आपले पहिले वार्षिक स्वखर्चाने छापत होते, तेव्हा कॅन्ससमधील एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. या विषयातील बरेच मूलभूत काम अशाच हौशी अभ्यासकांनी केले आहे.

अशा नोंदींच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मूळचे इंग्लंडचे व क्रिकेटचे बातमीदार असलेले हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांनी १८५९ च्या सुमारास वृत्तपत्रांतील धावफलक सुरू केला, असे सामान्यतः मानतात. मात्र धावा व बाद यांचे तक्ते न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत १८४५ मध्येच आढळतात. त्यामुळे चॅडविक यांना जनक न म्हणता फलकाला स्थिर रूप देणारे म्हणणे अधिक रास्त ठरेल. चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा बेस (धावेच्या वाटेवरील टप्पा), म्हणजे ‘वॉक’, हा पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) दोष आहे, त्यात बॅटरचे कौशल्य नाही, हा त्यांचा आग्रह दूरवर परिणाम करून गेला. १८८७ च्या हंगामात वॉक हिट (बेस मिळवून देणारा फटका) म्हणून धरले गेले. पण पुढच्याच वर्षी तो नियम मागे घेण्यात आला. बॅटिंग सरासरीत, म्हणजे बॅटिंगच्या संधींपैकी कितींत हिट मिळाले त्या प्रमाणात, वॉकला आजही स्थान नाही. बेसवर पोचण्याचे प्रमाण अधिकृत आकडेवारीत आले ते थेट १९८४ मध्ये.

एकेरी फटका (एक बेस) व होम रन (चारही बेस) यांना सरासरीत सारखेच वजन का, हा आक्षेप एफ. सी. लेन यांनी १९१६ मध्येच घेतला होता. ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या संघासाठी अ‍ॅलन रॉथ या सांख्यिकीतज्ज्ञाची नेमणूक केली. कॅनडाचे संरक्षण-संशोधक जॉर्ज लिंडसे यांनी १९६३ मध्ये, किती बाद आहेत व कोणत्या बेसवर खेळाडू आहेत यांनुसार डावात पुढे सरासरी किती धावा होतात, हे मोजून मांडले. नंतरच्या बहुतेक सूत्रांचा पाया हाच असल्याने लिंडसे यांचे श्रेय जेम्स यांच्यापेक्षा कमी मानू नये.

१६२ सामन्यांचा हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो आणि वादही तेवढेच चालतात. मे महिन्यात कोणाची सरासरी .४०० असली, तर त्यात कौशल्य किती व नशीब किती, हा नेहमीचा प्रश्न. व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकांनी २००१ मध्ये हा प्रश्न पिचरपर्यंत नेला : मैदानातच राहिलेल्या फटक्यांपैकी कितींचे हिट होतात, यावर पिचरचे नियंत्रण फारच थोडे असते, असे त्यांनी दाखवले. हे विधान पुढे बरेच सौम्य झाले, पण खोडले गेले नाही.

सर्वांत गाजलेला वाद अमेरिकन लीगच्या (अमेरिकेतील दोन प्रमुख लीगांपैकी एक) २०१२ च्या सर्वोत्तम खेळाडूचा. मिगेल काब्रेरा यांनी सरासरी (.३३०), होम रन (४४) व मिळवून दिलेल्या धावा (१३९) या तिन्हींत पहिले स्थान पटकावले, असे १९६७ नंतर प्रथमच घडत होते. माइक ट्राउट यांची सरासरी .३२६ होती, पण बेसवर पोचण्याचे प्रमाण .३९९ म्हणजे काब्रेरांच्या .३९३ हून सरस होते. शिवाय ४९ बेस चोरताना (फटक्याविना धावून पुढचा बेस गाठताना) ते केवळ पाचदा बाद झाले आणि क्षेत्ररक्षणातही ते उजवे होते. बेसबॉल पत्रकारांच्या मतदानात पहिल्या पसंतीची २८ पैकी २२ मते काब्रेरांना मिळाली. ट्राउट यांचे एकूण योगदान अधिक होते, हे मत आता अभ्यासकांत प्रबळ आहे आणि ते ग्राह्य वाटते.

हे योगदान मोजणाऱ्या ‘वॉर’ (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती अधिक विजय मिळवून दिले) या निर्देशांकाच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पिचरसाठी एकीत प्रत्यक्ष दिलेल्या धावा, तर दुसरीत स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक व होम रन आधारभूत धरतात. त्यामुळे एकाच पिचरचे दोन वेगळे आकडे मिळतात.