सांडशी, कढई आणि हातातला पीसी

दुधाने भरलेलं पातेलं सांडशीने उचलून पाहा. मग तेवढ्याच वजनाची कढई दोन्ही कानांना धरून उचला. वजन तेच, पण सांडशीच्या वेळी मनगट लगेच कुरकुरायला लागतं. पातेल्याचा भार मुठीपासून लांब असतो, त्यामुळे तो मुठीला सतत खाली पिळत राहतो. कढईचा भार दोन हातांच्या मधोमध येतो, तिथे पिळायला काही उरत नाही. हातात धरून खेळायचे जे पीसी गेल्या काही वर्षांत आले, त्यांचं रूप असं का, याचं निम्मं उत्तर या स्वयंपाकघरातल्या प्रयोगात आहे.

खेळणं म्हणावं तर हे यंत्र जडच. १९८९ साली आलेला निन्टेन्डोचा गेम बॉय चार पेन्सिल सेल घालूनही साधारण ३०० ग्रॅम भरायचा. २०१७ चा त्याच कंपनीचा स्विच दोन्ही बाजूंच्या कंट्रोलरसकट ४०० ग्रॅमच्या आसपास होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक आला तो ६६९ ग्रॅमचा, आणि पुढच्याच वर्षी लेनोव्होचा लिजन गो आला तो तर ८५४ ग्रॅमचा. त्यात खरोखरीचा पीसी असतो: प्रोसेसर, पंखा, मोठी बॅटरी, आणि टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेले खेळ.

आता गंमत अशी की हे वजन पेलायला दहा बोटं मिळतच नाहीत. दोन्ही अंगठे काड्यांवर आणि बटणांवर गुंतलेले (जॉयस्टिकला मी काडीच म्हणतो), दोन्ही तर्जन्या वरच्या कडेच्या ट्रिगरवर. उरली प्रत्येक हाताची तीन बोटं आणि तळवा. सपाट पाटीसारखं यंत्र असेल तर त्याची खालची धार करंगळीच्या बाजूला रुतते आणि सगळा भार त्या चिंचोळ्या रेघेवर येतो. मागची मूठ फुगीर केली की तळवा भरतो, तोच भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो, दाब कमी होतो. शिवाय बोटांना आवळून धरावं लागत नाही. हे आवळणंच खरा थकवा आणतं. स्नायू हलता न राहता नुसता ताणलेला राहिला, की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दबतात आणि रक्तपुरवठा मंदावतो. म्हणून विहिरीचं पाणी शेंदताना न थकणारा माणूस हात पुढे करून नुसती बादली धरून उभा राहिला की पाच मिनिटांत घायकुतीला येतो.

याचा सगळ्यात बोलका दाखला आसूसच्या आरओजी अ‍ॅलायचा. २०२३ चं पहिलं मॉडेल ६०८ ग्रॅमचं, बारीक अंगाचं. पुढच्या वर्षीच्या अ‍ॅलाय एक्समध्ये बॅटरी ४० वॅट-तासांवरून थेट ८० वर नेली आणि वजन ६७८ ग्रॅम झालं. पण सोबत मुठीही भरीव आणि गोलसर केल्या. ७० ग्रॅम वाढूनही नवं यंत्र हाताला जास्त सुखाचं लागतं. कंपन्या जाहिरातीत जाडीचे मिलिमीटर मोजून दाखवतात, ते मला म्हणूनच फसवं वाटतं. बारीक अंग दुकानाच्या काचेआड शोभतं, हाताला मात्र काहीतरी भरीव धरायला लागतं.

एक हात सुटला की मात्र कढईची पुन्हा सांडशी होते. पडद्याला बोट लावायला किंवा चहाचा कप उचलायला उजवा हात काढला, तर यंत्राचा मध्य डाव्या मुठीपासून दहा-बारा सेंटिमीटर लांब जातो आणि सगळा पीळ एकट्या डाव्या मनगटावर येतो. पडदा जितका रुंद, तितका हा पीळ मोठा. लिजन गोचा पडदा ८.८ इंची आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढता येतात आणि मागे उघडणारा पाय आहे: यंत्र टेबलावर उभं करा, हातात फक्त कंट्रोलर ठेवा.

अंगठ्याची तक्रार वेगळी. त्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा असतो, म्हणून तो इतका फिरतो. पण पुन्हा पुन्हा बाहेर ताणला किंवा आत दुमडला की मनगटाजवळच्या स्नायुबंधांना सूज येऊ शकते. या दुखण्याचं वर्णन स्विस शल्यचिकित्सक द क्वेर्व्हां यांनी १८९५ सालीच केलं होतं, तेव्हा व्हिडिओ गेम कुठले! १९९० मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात व्हिडिओ गेम खेळून होणाऱ्या अंगठ्याच्या दुखण्याला ‘निन्टेन्डिनायटिस’ असं नावही मिळालं. स्टीम डेकवर काड्या आणि बटणं जवळजवळ एका ओळीत आहेत आणि बटणं अगदी बाहेरच्या कोपऱ्यात, त्यामुळे अंगठा तिथे थोडा अवघडतो. ही तडजोड का? कारण काड्यांच्या खाली दोन चौकोनी टचपॅडना जागा द्यायची होती. पीसीवरचे कितीतरी खेळ माउसशिवाय चालतच नाहीत. मला हा सौदा पटतो. पण लहान हातांच्या माणसाला तो पटेलच असं नाही.

उष्णतेचं गणित याहून कडक आहे. स्टीम डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॅट वापरते, म्हणजे घरातल्या एका मोठ्या एलईडी बल्बइतकी वीज, आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेतच जाते. ती तळव्यापर्यंत पोहोचता कामा नये. म्हणून हवा पाठीमागून आत ओढतात आणि वरच्या कडेने, म्हणजे बोटांपासून दूर, बाहेर फेकतात. कवच प्लास्टिकचं, यालाही कारण आहे. थंडीतल्या सकाळी स्टीलचा डबा गार लागतो आणि शेजारचा लाकडी पोळपाट लागत नाही. दोघांचं तापमान एकच, पण धातू हातातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. यंत्र तापलं की हेच उलट होतं, धातू आपली उष्णता तितक्याच झपाट्याने त्वचेला देतो. प्लास्टिक हलकं असतं आणि वायफायच्या लहरी अडवत नाही, हे वर.

मग चिप आणखी जोरात का पळवत नाहीत? चिपची वीज वारंवारितेच्या, म्हणजे तिच्या वेगाच्या, पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या पटीत. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. तो सोडून द्यायची तयारी असेल तर बॅटरी अनपेक्षितपणे लांबते. सगळं मिळून २५ वॅट लागत असतील तर ४० वॅट-तासांची बॅटरी दीड तासाच्या थोडी पुढे जाते. १० वॅटवर आणलं तर चार तास. म्हणूनच पडदा लहान आणि त्यावरचे ठिपके मोजके ठेवण्यात शहाणपण आहे. स्टीम डेकच्या पडद्यावर १२८० गुणिले ८००, म्हणजे दहा लाखांच्या आसपास ठिपके रंगवायचे. अ‍ॅलायवर त्याच्या दुप्पट.

सेकंदाला ४० चित्रं दाखवण्याची युक्ती यातूनच रुजली. ६० चित्रांच्या गतीला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३. ऐकायला ४० हा आकडा ३० च्या जवळचा वाटतो. पण ४० ला एक चित्र २५ मिलिसेकंद टिकतं, म्हणजे वेळेच्या मापाने बरोबर मधोमध. डोळ्याला वेळ जाणवते, संख्या नाही. म्हणून थोड्याच जास्त विजेत खेळ बराच सफाईदार वाटतो.

मानेचा प्रश्न मात्र कोणत्याच कंपनीला सुटलेला नाही. पडदा आणि बटणं एकाच पाटीत असली की पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर धरावे लागतात, हात मांडीवर ठेवावे तर मान खाली जाते. मांडीवर जाडशी उशी घ्या आणि कोपरं तिच्यावर टेकवा: खांद्यांवरचा भार उशीवर जातो आणि पडदाही वीतभर वर येतो. माझा भाचा यावर पाठीवर आडवा पडून खेळतो. मान सरळ राहते, हे खरं. पण मधेच डोळा लागला की ६६९ ग्रॅम थेट नाकावर.