घरचा मीडिया सर्व्हर आणि गेम कन्सोल यांचं का जमत नाही?

प्लेस्टेशन ३ वर घरच्या नेटवर्कमधला मीडिया सर्व्हर, म्हणजे साठवलेले सिनेमे-गाणी इतर उपकरणांना पुरवणारा संगणक किंवा प्रोग्रॅम, आपोआप दिसायचा. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ही सोयच ठेवलेली नाही. यंत्राची ताकद कित्येक पटींनी वाढली आणि शेजारच्या खोलीतल्या हार्डडिस्कवरचा सिनेमा लावणं मात्र अवघड झालं. याची मुळं २००३ मध्ये आहेत.

त्या वर्षी जूनमध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांनी मिळून एक गट स्थापन केला. पुढच्या वर्षी त्याचं नाव डीएलएनए झालं आणि पहिली नियमावली आली. पाया होता यूपीएनपी या, नेटवर्कवरच्या उपकरणांनी एकमेकांना शोधण्याच्या आधीच्या मानकाचा. काम सोपं होतं: टीव्ही किंवा कन्सोल २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर, पोर्ट १९०० वर विचारतो, 'कोणी सर्व्हर आहे का?' सर्व्हर उत्तर देतो, स्वतःची माहिती एक्सएमएल या ठरावीक मजकूर-स्वरूपात पाठवतो, फोल्डरची यादी दाखवतो आणि निवडलेली फाइल वेबपानं येतात त्याच साध्या एचटीटीपीने पुरवतो. खातं उघडायला नको, इंटरनेटही नको. घरातली वस्तू घरातच राहते. ही कल्पना मला आजही अतिशय चांगली वाटते.

गोम होती फाइलींच्या प्रकारांत. घरातल्या उपकरणांना सक्तीचे प्रकार तीनच: चित्रांसाठी जेपेग, आवाजासाठी एलपीसीएम, व्हिडिओसाठी एमपेग-२. एमपी३, एमपेग-४ वगैरे सगळं ऐच्छिक. लोकांच्या डिस्कवर मात्र त्या काळात डिव्हएक्स आणि एक्सव्हिड या पद्धतींनी आकसलेल्या व्हिडिओच्या एव्हीआय फाइली होत्या, पुढे एमकेव्ही आल्या; एव्हीआय आणि एमकेव्ही ही नुसती वेष्टणं. म्हणजे खोक्यावर प्रमाणपत्राचा शिक्का असूनही आपली फाइल चालेलच याची खात्री नाही. एकमेकांशी कसं बोलायचं हे नियमावलीने ठरवलं. काय चाललंच पाहिजे, हे जवळजवळ मोकळं सोडलं. पुढचा बहुतेक त्रास इथूनच सुरू झाला.

नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला. तो यूपीएनपीच बोलायचा, पण मायक्रोसॉफ्टच्या ढंगाने. सर्व्हरने आपण 'विंडोज मीडिया कनेक्ट' या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर-प्रोग्रॅमशी सुसंगत असल्याचं सांगितलं नाही आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची नोंदणी-सेवा पुरवली नाही, तर तो सर्व्हरकडे ढुंकूनही बघत नसे. फोल्डरची यादी मागताना मानकातलं ठरलेलं नाव सोडून वेगळंच नाव वापरायचा. व्हिडिओ अमुक क्रमांकाच्या फोल्डरमध्ये, चित्रं तमुक क्रमांकाच्या, असंही त्याचं गृहीत होतं. त्यामुळे लिनक्सवरच्या मुक्त सर्व्हरांना विंडोज असल्याची बतावणी करावी लागली. भर डब्ल्यूएमव्ही या मायक्रोसॉफ्टच्याच व्हिडिओ प्रकारावर होता, एच.२६४ (व्हिडिओ आकसण्याची आणखी एक पद्धत) आणि डिव्हएक्सचा मार्ग खुला झाला तो २००७ मधल्या अपडेटनंतर.

प्लेस्टेशन ३ त्या मानाने नियमावलीला धरून वागला. मे २००७ मध्ये १.८० या फर्मवेअरने (यंत्राच्या आतल्या प्रणालीच्या आवृत्तीने) त्यात डीएलएनए आलं, त्याच वर्षाच्या अखेरीस २.१० ने डिव्हएक्स. एमकेव्ही मात्र त्याने कधीच स्वीकारलं नाही, मग आतला व्हिडिओ तो सहज चालवू शकणाऱ्या एच.२६४ मध्ये का असेना.

या दोन कन्सोलांमधला फरक किती बारीक होता, हे मिनीडीएलएनए या छोट्या सर्व्हरच्या कोडमध्ये बघायला मिळतं. सुरुवातीला तो नेटगिअर कंपनीच्या रेडीनॅस या, नेटवर्कला जोडायच्या साठवण-यंत्रांसाठी लिहिला गेला. फाइल तीच एव्हीआय. विचारणारा एक्सबॉक्स ३६० असेल तर सर्व्हर तिचा प्रकार 'व्हिडिओ/एव्हीआय' सांगतो, प्लेस्टेशन ३ असेल तर 'व्हिडिओ/डिव्हएक्स'. फाइलीतला एक बाइटही बदलत नाही, बदलतं फक्त तिच्यावरचं लेबल. मागणीसोबत आलेल्या ओळींवरून समोर कोणतं यंत्र आहे हे ओळखायचं आणि त्याच्या कलाने उत्तर द्यायचं, अशी अपवादांची यादीच त्या कोडमध्ये आहे. हे काम करणाऱ्यांना कोणत्याही कन्सोल कंपनीने मार्गदर्शक पुस्तिका दिलेली नव्हती. नेटवर्कवरून काय जातं-येतं ते टिपून, अंदाज बांधून, पुन्हा तपासून ते लिहिलं गेलं. त्याचं श्रेय फार कमी लोकांनी दिलं आहे.

२००८ मध्ये आलेल्या पीएस३ मीडिया सर्व्हरने दुसरी वाट धरली. कन्सोलला फाइल कळत नसेल तर संगणकाने ती चालू असतानाच रूपांतरित करून पाठवायची. मेनकोडर आणि एफएफएमपेग ही मोफत साधनं मागे राबत. व्हिडिओ कन्सोलला चालणारा असेल तर फक्त वेष्टण बदलून भागायचं, नाहीतर प्रोसेसर घामाघूम. प्लेस्टेशन ३ नेटवर्कवरून वेगळी सबटायटल फाइल घेत नसल्यामुळे सबटायटलही चित्रातच छापून पाठवावी लागत. देवनागरी सबटायटलांचे इथे हाल होत. अक्षरजुळणी न जाणणाऱ्या त्या जुन्या साधनांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसण्याऐवजी नंतर जाऊन बसायची आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी दिसायची. याच प्रकल्पातून पुढे युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर निघाला. त्यात प्रत्येक उपकरणासाठी वेगळी सेटिंग फाइल असते.

कधी कधी दोष सर्व्हर आणि कन्सोल या दोघांचाही नसतो. 'कोणी आहे का?' ही हाक मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना उद्देशून जाते, आणि काही राउटर ती केबलकडून वाय-फायकडे पोचूच देत नाहीत. लोक सर्व्हर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

मोठा घाव बसला २०१३ मध्ये. प्लेस्टेशन ४ बाजारात येण्याच्या तोंडावर सोनीने जाहीर केलं की त्यावर डीएलएनए नाही, एमपी३ नाही, ऑडिओ सीडीही नाही. ग्राहक संतापले, आणि जून २०१५ मध्ये मीडिया प्लेअर आला, एमकेव्हीसकट. एक्सबॉक्स वनलाही ही सोय २०१४ मध्ये मिळाली. मागणी नव्हती असं म्हणायला म्हणूनच जागा उरत नाही. माझ्या मते खरं कारण धंद्याचं आहे: जी कंपनी स्वतःच्या दुकानातून सिनेमे विकते, तिला ग्राहकाच्या डिस्कवरचा सिनेमा नीट चालवून दाखवण्याची घाई कशाला असेल?

डीएलएनए ही संस्था २०१७ च्या जानेवारीत विसर्जित झाली. जेलीफिन या मुक्त सर्व्हरने २०२४ मध्ये १०.९ आवृत्तीत डीएलएनए मूळ प्रोग्रॅममधून काढून प्लगिनमध्ये टाकलं. आता वाट ॲपची. प्लेक्ससारखं ॲप कन्सोलवर बसतं, काय चालतं आणि काय नाही हे सर्व्हरला स्वतः सांगतं, आणि लेबलांचा तो खेळ मागे पडतो. प्लेक्सचं मूळ ज्या एक्सबीएमसी या मीडिया प्लेअर प्रोग्रॅममध्ये आहे, तो प्रकल्प २००२ पासून पहिल्या एक्सबॉक्सवर घडला, पण फक्त कंपनीचं कुलूप तोडलेल्या यंत्रांवर चालायचा. त्याचाच वारस कोडी २०१७ मध्ये एक्सबॉक्स वनवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दुकानातून आला. प्लेस्टेशन ५ वर प्लेक्स आहे. तिथे कोणतं ॲप येईल आणि किती दिवस राहील, हे ठरवणं मात्र कन्सोल कंपनीच्या हातात आहे.