रायफलीवरचा ठसा आणि तिचा भाव

अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात दोन एम-1 कार्बाइन, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या आखूड, हलक्या रायफली, शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या, घडण एकच, नळीची झीजही सारखीच. एकीच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या धातूच्या मुख्य सांगाड्यावर, ‘एसटीडी. प्रो.’ असा ठसा आहे, म्हणजे स्टँडर्ड प्रॉडक्ट्स. दुसरीवर ‘रॉक-ओला’. बहुतेक वेळा दुसरी चढ्या भावाने जाते. ती दुर्मीळ म्हणून जाते म्हणावं, तर रॉक-ओलाने 2,28,500 कार्बाइन केल्या आणि स्टँडर्ड प्रॉडक्ट्सने 2,47,160. एवढ्याशा फरकाने भाव हलत नाही. पण रॉक-ओला ही शिकागोची ज्यूकबॉक्स बनवणारी कंपनी. नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेट्या करणाऱ्यांनी युद्धात बंदुका केल्या, ही गोष्ट गिऱ्हाइकाला भावते आणि तिचे तो वेगळे पैसे मोजतो.

ठशाचे जादा पैसे घ्यायला सुरुवात मात्र कारखानदारांनीच केली. 1875 मध्ये विंचेस्टर कंपनीने आपल्या 1873 मॉडेलच्या जाहिरातीत एक नवी श्रेणी आणली. चाचणीत ज्या नळ्या विशेष अचूक ठरतील, त्यांच्या रायफली खास सजावटीसह तयार होतील, नळीवर ‘हजारात एक’ असं कोरलं जाईल आणि किंमत पडेल 100 डॉलर. त्याखालची श्रेणी ‘शंभरात एक’. योजना फार चालली नाही. एकाला हजारात एक म्हटलं की उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव दुय्यम ठरतात, हे विक्रेत्यांच्या लक्षात आलं असावं. काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. 1873 मॉडेलच्या ‘हजारात एक’ रायफली दीडशेसुद्धा झाल्या नाहीत आणि ‘शंभरात एक’ तर त्याहून कितीतरी कमी.

पुढची सत्तरेक वर्षं त्यांची फारशी कुणी विचारपूस केली नाही. 1950 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने जेम्स स्टुअर्टला घेऊन ‘विंचेस्टर ’73’ हा चित्रपट काढला. त्याची कथाच अशा एका रायफलीभोवती फिरते. प्रसिद्धीसाठी स्टुडिओने देशभर आवाहन केलं, की कुणाकडे खरी ‘हजारात एक’ असेल तर कळवा. माळ्यांवरून, कपाटांतून रायफली बाहेर आल्या आणि भावही वर गेले. म्हणजे ठसा पाऊणशे वर्षं तिथेच होता, किंमत आली ती त्याची गोष्ट घरोघरी पोहोचल्यावर.

किंमत आली की नकली माल येतोच. नळीवर तीन-चार शब्द कोरणं कसबी कारागिराला अवघड नाही. म्हणून आज खरा आधार आहे तो कागदाचा. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत. अनुक्रमांक कळवून शुल्क भरलं, की ती रायफल कारखान्यातून कोणत्या रूपात आणि कधी बाहेर पडली याचं पत्र मिळतं. ठसा आहे पण नोंद नाही, अशा रायफलीला जाणकार सहसा हात लावत नाहीत.

कार्बाइनचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते जास्त रंजकही. साठ लाखांहून अधिक कार्बाइन दहा मुख्य कंत्राटदारांनी केल्या. त्यांत जनरल मोटर्सचे विभाग होते, टाइपरायटरवाली अंडरवुड होती, आयबीएम होती, टपाल-यंत्रं करणारी नॅशनल पोस्टल मीटर होती. त्यांच्यातल्याच अर्विन-पेडरसनला दर्जाची कसोटी झेपली नाही. 1943 मध्ये तिचं कंत्राट गेलं आणि कारखाना जनरल मोटर्सच्या सगिनॉ स्टिअरिंग गिअर विभागाकडे आला. अर्विन-पेडरसन नावाच्या साडेतीन हजारांच्या आसपासच कार्बाइन आहेत, त्यामुळे सगळ्यांत अपयशी कंत्राटदाराचा ठसा आज सगळ्यांत महागांपैकी एक आहे. क्वालिटी हार्डवेअर या आणखी एका कंत्राटदाराला काही रिसीव्हर युनियन स्विच अँड सिग्नलने करून दिले. त्यांवर ‘यूएन-क्वालिटी’ असा ठसा आहे; ‘यूएन’ हे युनियनचं, पण इंग्रजीत सलग वाचलं तर ‘अन-क्वालिटी’. ‘दर्जाहीन’ असा शिक्का मारलेली सरकारी बंदूक आपल्याकडे असावी, असं वाटणारे शौकीन काही कमी नाहीत.

गुंता आहे तो सुट्या भागांचा. एका कारखान्यात काडतूस नळीत ढकलणारे बोल्ट कमी पडले तर दुसऱ्याकडून आणायचे, कुणाचंच काम थांबू द्यायचं नाही, यासाठी कंत्राटदारांची एक समन्वय समितीच होती. त्यामुळे नव्याकोऱ्या कार्बाइनमध्येही चार कंपन्यांचे भाग निघत. युद्धानंतर सरकारी शस्त्रागारांनी लाखो कार्बाइन उघडून पुन्हा जुळवल्या. इंग्रजी ‘एल’च्या आकाराची नेम धरायची साधी मागची माशी काढून सरकवता येणारी बसवली. ही नवी माशी रिसीव्हरवर नेमकी अशा जागी बसते, की कंपनीचं नाव बरंचसं तिच्याखाली झाकलं जातं. दस्त्यावर ‘एए’ दिसलं तर ती ऑगस्टा आर्सेनल या सरकारी शस्त्रागारातून गेलेली. मग एखाद्या कार्बाइनमधला प्रत्येक खिळा-स्क्रू एकाच कंपनीचा निघाला तर आनंद मानायचा की शंका घ्यायची? बहुतेक वेळा शंकाच. कुणीतरी वर्षानुवर्षं भाग गोळा करून ती ‘शुद्ध’ केलेली असते. 1963 मध्ये अमेरिकी सरकारने नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना या कार्बाइन वीस डॉलरला विकल्या, तेव्हा कुणाचा ठसा कुठे आहे हे बघायची गरज फार थोड्यांना वाटली.

भाव पाडणारे ठसेही असतात. 1968 च्या अमेरिकी कायद्यानुसार आयातदाराला आपलं नाव शस्त्रावर उमटवावं लागतं. दक्षिण कोरियाहून परत आलेल्या कार्बाइनच्या नळीवर ‘ब्लू स्काय, आर्लिंग्टन’ असं आयातदाराचं नाव-गाव ठसठशीत लिहिलेलं दिसतं, आणि संग्राहक तिथेच किंमत कमी करायला लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन के-98के रायफलींवरचे ‘एस/42’, ‘बीवायएफ’ हे संकेत मुळात कारखान्याचं नाव शत्रूला कळू नये म्हणून आले. दोन्ही ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचे. आता त्यांच्या याद्या शौकिनांना तोंडपाठ आहेत. मात्र तिथे संकेताहून मोठी गोष्ट म्हणजे भागांवरचे क्रमांक जुळणं. रशियनांनी जप्त करून, उघडून पुन्हा जोडलेली रायफल कितीही विरळा संकेताची असली तरी मूळ जुळणीच्या रायफलीपुढे फिकी पडते.

आपल्याकडच्या इशापूर कारखान्याच्या रायफलीही त्या बाजारात आहेत. 1962 च्या युद्धानंतर ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश .303 रायफलीच्याच धाटणीवर 7.62 मिमी काडतुसासाठी तिथे 2ए आणि मग 2ए1 तयार झाली. दोन्हींतला ठळक फरक मागच्या माशीचा: पहिलीवर 2000 पर्यंतचे अंतराचे आकडे, दुसरीवर 800. जुन्या .303 ला नवी नळी लावलेला हा जुगाड आहे, असं अमेरिकेत कित्येक वर्षं सर्रास बोललं जाई. रायफली नव्याने घडवलेल्या होत्या, तरी इशापूरचा ठसा म्हणजे स्वस्त माल हे समीकरण पुष्कळ काळ टिकलं. खुद्द भारतात ठशाच्या भावाचा हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. .303 हा लष्करी बोअर (नळीच्या आतलं माप) असल्याने 1959 च्या शस्त्र कायद्याखाली सामान्य परवान्यावर तशी रायफल घेता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात.