माहीत असून गप्प बसणं गुन्हा कसं ठरलं

द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नाला भीष्म-द्रोणांसारख्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी धड उत्तर दिलं नाही. कौरवांपैकी विकर्ण तेवढा उघड बोलला. त्याच सभापर्वात विदुर कश्यपाचं वचन ऐकवतो : निंद्य कृत्याची सभेत कुणी निंदा केली नाही, तर निम्मं पाप सभेच्या प्रमुखाच्या माथी, पाव करणाऱ्याच्या आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांच्या. करणाऱ्याच्या दुप्पट प्रमुखाला! ही वाटणी मला आजही पटते.

इंग्रजी अमदानीतला कायदा इतका कडक नव्हता. १८६० च्या दंड संहितेत माहिती दडवल्याबद्दल शिक्षा होती, पण ज्याच्यावर ती कळवण्याचं कायदेशीर बंधन असेल त्यालाच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सर्वसामान्य माणसाने कळवायच्या गुन्ह्यांची यादी दिली. तीत खून, दरोडा, खोट्या नोटा होत्या, बलात्कार नव्हता. मुलांवरचे अत्याचार घरात, शाळेत, वसतिगृहात दडपले जात राहिले, त्याला ही फटही कारण होती.

ती बुजवली पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने. १४ नोव्हेंबर २०१२ पासून, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक झालं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखाने दडवलं तर कैद वर्षापर्यंत. प्रमुखाचा वाटा इथेही दुप्पटच. मुलांना मात्र या शिक्षेतून वगळलं आहे, आणि ते योग्यच आहे.

कायद्याचा कस लागला चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात. २०१९ मध्ये तिथल्या शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला हे कळलं होतं आणि तरी त्याने पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला : माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेकदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो.

त्याच्या महिनाभर आधीच याच न्यायालयाने डॉक्टरांना एक सवलत दिली होती. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही.