दृश्यविनोद : मूक विनोदी लघुपटांतील

शब्दांचा आधार न घेता, केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतून घडवलेली गंमत म्हणजे दृश्यविनोद. चित्रपटव्यवसायात त्याला ‘गॅग’ म्हणतात. घसरून पडणे, पाठीत लाथ बसणे हा झाला धसमुसळा विनोद. दृश्यविनोदाला त्याहून अधिक काही लागते. प्रेक्षक एक समजून बसतो, पडद्यावर निघते दुसरेच, आणि आपण नेमके कुठे फसलो हे त्याला तत्क्षणी स्वतःच्या डोळ्यांनी कळते.

याचा पहिला नमुना चित्रपटाच्या जन्माइतकाच जुना आहे. लुई ल्यूमिएर यांच्या १८९५ मधील मिनिटभराच्याही आतल्या चित्रपटात माळी रबरी नळीने झाडांना पाणी घालत असतो. मागून एक पोरगा येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबते. काय झाले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोरगा पाय उचलतो. दोघेही एकाच चौकटीत असल्याने आपल्याला सारे दिसते, माळ्याला मात्र पाठीमागचे काहीच दिसत नाही. सगळी गंमत या फरकात आहे.

अमेरिकेत १९१२ पासून निर्माते मॅक सेनेट यांच्या कीस्टोन कंपनीने असे लघुपट झपाट्याने काढले. कॅमेऱ्याचा दांडा हाताने संथ फिरवायचा, म्हणजे पडद्यावर पळापळ अधिक वेगाने दिसे. पुढे दोन रिळांचा, साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट रूढ झाला. ही लांबी गॅगला फार मानवली. एखादी कल्पना रुजवून, फुलवून शेवटी उलटी करायला तेवढा वेळ पुरतो, आणि कथानकाचे ओझेही होत नाही.

चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द इमिग्रंट’मध्ये (१९१७) ते प्रथम दिसतात ते जहाजाच्या कठड्यावरून ओणवे झालेले, पाठमोरे. अंगाला हिसके बसत असतात. बोट लागली बिचाऱ्याला, असे आपण म्हणतो तोच ते वळतात. हातात गळाला लागलेला मासा! ‘द पॉनशॉप’मधला (१९१६) गजराच्या घड्याळाचा प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. गहाण ठेवायला आलेले घड्याळ ते स्टेथोस्कोप लावून तपासतात, डबा फोडायच्या हत्याराने उघडतात, आतला ऐवज नाकाने हुंगतात. एकाच वस्तूचा क्षणात रुग्ण होतो, क्षणात डबा. बाहेर काढलेले सगळे सुटे भाग अखेर गिऱ्हाइकाच्या टोपीत भरून परत केले जातात. त्यांचा चेहरा मात्र सगळा वेळ कसलेल्या तज्ज्ञाचा असतो. ही गंभीरता ढळली असती तर प्रसंग वाया गेला असता.

हॅरॉल्ड लॉइड यांच्या ‘नेव्हर वीकन’मध्ये (१९२१) फसतो तो नायक. जीव द्यायच्या तयारीने तो डोळ्यांना पट्टी बांधून खुर्चीत बसलेला असतो. शेजारच्या बांधकामाची लोखंडी तुळई खिडकीतून आत येते आणि त्याला खुर्चीसकट बाहेर उचलून नेते. पट्टी काढताच समोर देवदूताचा पुतळा! आपण स्वर्गात पोहोचलो अशी त्याची खात्रीच पटते.

कॅमेऱ्याच्या जागेचे मोल मात्र नट-दिग्दर्शक बस्टर कीटन यांच्याइतके कोणी ओळखले नाही. ‘वन वीक’ (१९२०) या दोन रिळांच्या लघुपटात नवदांपत्याला खोक्यांतून आलेले जोडणीचे घर भेट मिळते. जळफळणारा प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे आकडे बदलतो आणि घर वेडेवाकडे उभे राहते. वादळात ते भोवऱ्यासारखे फिरते. त्यासाठी फिरत्या चौथऱ्यावर खरे घर बांधले होते. शेवटी चुकीच्या जागी बांधलेले ते घर ओढून नेताना रुळांवर अडकते. समोरून आगगाडी येते. दोघे डोळे झाकून घेतात, आपणही श्वास रोखतो. गाडी शेजारच्या रुळांवरून सुखरूप निघून जाते. दोन जोड्या रूळ एकच भासावेत अशा जागी कॅमेरा ठेवलेला असतो. जिवात जीव येतो न येतो तोच विरुद्ध दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. पहिल्या गाडीने दिलेला दिलासा हीच खरी फसवणूक होती. लांबून, एकाच चौकटीत, काहीही न लपवता घडणारा हा प्रसंग या कलाप्रकारातला सर्वांत निर्दोष म्हणावा लागेल. त्यानंतर नवऱ्याच्या भूमिकेतले कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावतात, आठवणीने जोडणीची सूचनापत्रिकाही ठेवतात, आणि पत्नीचा हात धरून निघून जातात.

तोंडावर क्रीमची ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) फेकण्याचा प्रकार इतका वापरला गेला की त्यात नवे काही उरले नव्हते. लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ने (१९२७) त्यालाही धुगधुगी दिली. केळ्याच्या सालीवरून पायविक्रेता घसरतो, चिडून पहिली पाय फेकतो, मग एकेक वाटसरू ओढला जाऊन सारा रस्ता लढू लागतो. येथे विनोद फेकण्यात कमी आणि भांडण पसरण्याच्या क्रमात अधिक आहे. पण या प्रसंगाचे रीळ हरवल्याने कित्येक दशके प्रेक्षकांना या लढाईचे तुकडेच पाहायला मिळत होते. २०१५ साली रीळ सापडले, आणि पहिल्या सालीपासून शेवटच्या पायपर्यंतची चढती कमान पुन्हा सलग दिसू लागली.