लार्क (इंग्रजी शब्द)

लार्क हा इंग्रजी शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात. एक म्हणजे चंडोल, म्हणजे अलॉडिडी कुळातले पक्षी. दुसरी म्हणजे मौजमस्ती, खोडी, किंवा सहज गंमत म्हणून केलेला उद्योग. पक्ष्याचं नाव जुन्या इंग्रजीपासून चालत आलंय, मस्तीचा अर्थ मात्र छापील मजकुरात १९व्या शतकाच्या सुरुवातीला दिसतो, आणि या दोघांचं मूळ एकच का यावर कोशकारांचं अजून एकमत नाही.

पक्ष्याचं नाव जुन्या इंग्रजीत लावेर्के किंवा लाफेर्के असं होतं, स्कॉट्समध्ये (स्कॉटलंडमधल्या बोलीत) लॅवरॉक, जर्मनमध्ये लेर्ख, डचमध्ये लेउवेरिक, म्हणजे सगळं जर्मानिक घराणं एकाच शब्दावर आहे. त्याच्या मागे काय ते काही लागत नाही. जुन्या नॉर्समधलं (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं) लेविर्की हे रूप फोडलं तर 'दगा करणारा' असा अर्थ निघतो, पण या पक्ष्याला दगाबाज ठरवणारी एकही लोककथा सापडलेली नाही, त्यामुळे ही फोड लोकांनी नंतर जुळवलेली असावी असंच वाटतं. लॅटिन अलॉडाचा याच्याशी संबंध नाही, तो गॉल लोकांच्या (आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या) केल्टिक भाषेतून घेतलेला शब्द. ज्युलियस सीझरने गॉलमध्ये उभारलेल्या एका लीजनला, म्हणजे रोमन सैन्यदलाला, हेच नाव होतं आणि फ्रेंच अलुएट त्याच्यातूनच आला. आपल्याकडचा एक धागाही इथे नोंदवायला हवा, मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात भरद्वाज या शब्दाचा अर्थ स्कायलार्क (चंडोलाचीच एक जात) असा दिलाय, मराठीत आपण भारद्वाज म्हणतो तो पक्षी अर्थातच वेगळा.

आता खरा वाद. मस्ती या अर्थाचा लार्क साधारण १८११ च्या सुमाराला मिळतो, आणि त्याच्या जरासं आधी, १८०९ च्या आसपास, स्कायलार्क हे क्रियापद खलाशांच्या बोलीत मिळतं, जहाजाच्या डोलकाठ्या नि दोरखंडांवर चढून दंगा करणं या अर्थाने. स्कायलार्क पक्षी गात गात सरळ वर चढतो, इतका की नुसता आवाज येतो नि ठिपकाही धड दिसत नाही, म्हणून दोरांवर उंच जाऊन धिंगाणा घालणाऱ्यांना त्याचं नाव पडलं आणि पुढे ते तोडून नुसतं लार्क राहिलं, असा एक पक्ष. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की उत्तर इंग्लंडच्या बोलीत खेळणं याला लेक किंवा लेइक म्हणतात, ते नॉर्स लेइका वरून आलंय (लेगो या नावातला डॅनिश 'लेग' त्याच घरातला), आणि दक्षिणेकडच्या लोकांनी ते ऐकून मध्ये एक र घुसवला. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात अशा जागी र ऐकूच येत नाही, त्यामुळे लिहिताना तो चुकून घातला जाणं शक्य आहे हे मान्य, पण स्वरातला फरक तरीही उरतोच. दोन वर्षांच्या अंतरावरून कोण आधी हे ठरवता येत नाही, बोलीतले शब्द छापले जाण्याआधी कितीतरी दिवस तोंडात असतात, तरी स्कायलार्कची बाजू जास्त सरळ वाटते, कारण तिथे अर्थ नि रूप दोन्ही जागेवर बसतात. खेळणं अर्थाच्या बोलीशब्दाने नंतर त्याला बळ दिलं असेल हेही शक्य आहे.

वापरात 'फॉर अ लार्क' म्हणजे गंमत म्हणून, 'लार्क अबाउट' म्हणजे टिवल्याबावल्या करणं. ब्रिटिश बोलीत एखाद्या धंद्याला किंवा उद्योगालाही जरा हलक्या सुरात लार्क म्हणतात, अभिनयाचा लार्क वगैरे. चंडोलांच्या थव्याला 'एक्झाल्टेशन' म्हणायची पद्धत १५व्या शतकातल्या शिकारीच्या शब्दयाद्यांपासूनची.

जोडशब्दांत सावध राहावं लागतं. लार्कस्पर फुलाला ते नाव मागच्या शेपटीसारख्या टोकामुळे, चंडोलाच्या मागच्या बोटाला लांब नखी असते तिच्यासारखं ते दिसतं. मडलार्क म्हणजे पक्षी नाही, पूर्वी लंडनमध्ये थेम्स नदीच्या चिखलात विकण्याजोगं काही मिळतं का ते शोधणारी गरीब माणसं, बरीचशी पोरं. अमेरिकेतला मेडोलार्क नि ऑस्ट्रेलियातला मॅगपाय-लार्क हे दोन्ही पक्षी या कुळातले नाहीत, युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ओळखीचं नाव चिकटवलं एवढंच. अमेरिका खंडांत मूळचा म्हणावा असा खरा लार्क एकच, शिंगाळ्या चंडोल.

पहाटे लवकर उठणाऱ्या माणसाला लार्क आणि रात्री जागणाऱ्याला घुबड म्हणणं आता झोपेच्या अभ्यासातही रुळलंय.