भोपाळच्या कारखान्याखालची जमीन: माती आणि भूजलाच्या तपासणीची पार्श्वभूमी

भोपाळ म्हटले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्यामधली रात्र आठवते. परंतु युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातील माती आणि आसपासचे भूजल दूषित होण्याचे कारण त्या रात्रीची वायुगळती नव्हे. हा इतिहास वेगळा असून तो दुर्घटनेच्या कितीतरी आधी सुरू होतो. १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या या कारखान्यात कीटकनाशके तयार होत, आणि उत्पादनातून उरणारे डांबरासारखे अवशेष, वापरून झालेली द्रावके (इतर पदार्थ विरघळवणारी द्रव रसायने) आणि बिघडलेला माल आवारातच खड्ड्यांत टाकला जाई. १९७७ मध्ये सांडपाणी उन्हाने आटवण्यासाठी आवाराच्या उत्तरेला सुमारे ३५ एकरांवर तळी बांधली गेली व त्यांच्या तळाशी प्लास्टिकचे अस्तर घालण्यात आले. हे अस्तर टिकले नाही. तळ्यांतून गळती होत असल्याचे १९८२ मध्येच भोपाळहून अमेरिकेतील मूळ कंपनीला टेलेक्सने कळवण्यात आले होते.

दुर्घटनेनंतर कारखाना बंद पडला, पण जमिनीत मुरलेले तिथेच राहिले. १९८९ मध्ये कंपनीने स्वतः आवारातील माती व पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांच्या संपर्कात आलेले मासे मेले. ही चाचणी वस्त्यांतील लोकांना सांगितली गेली नाही. पुढे अमेरिकेतील न्यायालयीन लढ्यात कंपनीची कागदपत्रे खुली करावी लागली तेव्हा ती उजेडात आली. मधल्या काळात कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्या हातपंपांचेच पाणी पीत होत्या, आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत अक्षम्य वाटते ते हेच.

सरकारी पातळीवरील पहिली महत्त्वाची तपासणी नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केली. १९९७ च्या तिच्या अहवालाने आवारातील माती दूषित असल्याचे मान्य केले. भूजलाबाबत मात्र काळ्या मातीच्या जाड, चिकण थरामुळे दूषित द्रव्ये खाली झिरपण्यास फार काळ लागेल, असा आश्वासक सूर लावला. ओल्या काळ्या मातीतून पाणी सावकाश उतरते, हे खरेच आहे. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला ठाऊक असते की हीच माती उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट आत जाते. शिवाय क्लोरीनयुक्त द्रावके पाण्यापेक्षा जड असतात. ती भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगत नाहीत, तर खडकातील फटींतून खाली उतरत एखाद्या अभेद्य थरावर साचतात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडी थोडी विरघळत राहतात. त्यामुळे एखाद्या हातपंपाचा एक नमुना स्वच्छ निघाला, तर त्यावरून त्या जमिनीबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही. निरनिराळ्या खोलीच्या निरीक्षण विहिरी खणून, भूजलाच्या प्रवाहाची दिशा ठरवून, वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा नमुने घ्यावे लागतात.

१९९९ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने घेतलेल्या नमुन्यांत आवारातील मातीत पारा, तर जवळच्या विहिरींच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म ही क्लोरीनयुक्त द्रावके आढळली. त्यानंतर प्रश्न न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटला कारखान्यापासून ३ किलोमीटरपर्यंतच्या भूजलात तेथील उत्पादनांशी जुळणारी रसायने सापडली.

नीरी आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने मिळून केलेले २०१० चे काम यापेक्षा मोठे होते. भूभौतिकी मोजणीने कचरा कोठे पुरला असावा याचा अदमास घेण्यात आला, आणि प्रक्रिया करावी लागेल अशा दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन इतका निघाला. मात्र तेव्हाही दूषण खाली व आवाराबाहेर नेमके किती पसरले आहे, याचा पूर्ण नकाशा हाती आला नाही.

या आकड्याशेजारी पुढची घटना ठेवून पाहावी. २००५ मध्ये आवारातील उघड्यावरचा कचरा गोळा करून एका शेडमध्ये ठेवण्यात आला होता. त्याचे काय करायचे यावर अनेक वर्षे न्यायालयांत वाद चालला, आणि अखेर जानेवारी २०२५ मध्ये त्यातील ३३७ टन कचरा १२ कंटेनरांतून सुमारे २५० किलोमीटर दूर, मध्य प्रदेशातच असलेल्या पीथमपूर या औद्योगिक गावी जाळण्यासाठी नेण्यात आला. तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. चाचण्यांनंतर त्याच वर्षी तो जाळण्यात आला आणि भोपाळची जमीन विषमुक्त झाल्याची भावना अनेकांच्या मनात निर्माण झाली. वस्तुतः हलला तो फक्त शेडमधला कचरा. खड्ड्यांतील आणि तळ्यांखालील माती जागेवरच आहे, आणि तिचा ११ लाख टनांचा अंदाज २०१० चा आहे. त्यानंतर त्या मातीतून झिरपलेले पावसाळे त्यात धरलेले नाहीत.